चोवीस आटे

पहाटे चार चाळीसला मी झाकण उचलतो.
लोकमान्य नगरच्या चढावर, रिक्षा स्टँडच्या मागे,
चेंबरमध्ये झुरळं, गाळ, कुणाची तरी चप्पल,
आणि तळाशी सहा इंची व्हॉल्व्ह.
पूर्ण उघडायला चोवीस आटे.
लोक मला चावीवाला म्हणतात.
नाव हजेरीपटावर आहे, तिथेच असतं.

एकोणीस वर्षांत तीन नगरसेवक पाहिले
ह्या खड्ड्यातून.
तुम्ही त्यांना फलकावर पाहिलं असेल, हात जोडलेले.
मला ते कळतात फोनवरच्या आवाजात,
आणि पाणी किती पायऱ्या चढतं त्यावर.

खारकर सर प्रामाणिक. हे मी शपथेवर सांगेन.
चहाचे पैसे स्वतःचे,
ठेकेदाराची मिठाई गेटवरूनच परत.
वरच्या वस्तीसाठी सत्तेचाळीस पत्रं लिहिली,
शुद्धलेखनाची एक चूक नाही.
सभागृहात उभे राहिले की माईक बंद पडायचा,
ते तसेच बोलत, सावकाश, फळ्यासमोर बोलावं तसं,
आणि फाईल पाचपाखाडीहून निघून
पाचपाखाडीलाच पोचायची.
वरच्या बाया त्यांना वाकून नमस्कार करायच्या
रिकाम्या कळशीसकट.

मग उतेकर.
खाल्लं. किती ते मला विचारू नका,
पाइप वाजवून बघा.
पण आठ महिन्यांत लाइन टेकडीवर नेली,
बूस्टर पंप बसला, नारळ फुटला,
आणि अनसूया भालशंकरच्या दारात
जिथवर बावीस वर्षं फक्त पायऱ्या येत होत्या,
तिथे पाणी आलं.
मी म्हटलं, बाई, हे चोराचं पाणी.
तिने ओंजळ भरून हुंगली.
म्हणाली, वास तर नाही रे येत.

चौथ्या पावसाळ्यात पाइप फुटला.
पुन्हा कळशा.
उतेकरांचा बंगला तोवर घोडबंदरला उभा होता,
त्याला दोन टाक्या.

मधे काही वर्षं कुणी निवडून आलेलंच नव्हतं.
प्रशासक होते.
साहेबांना प्रभागाचा नंबर पाठ होता.

आता माझं सांगतो.
माझी बहीण खालच्या गल्लीत राहते.
तिच्या नातवाच्या बारशाला मी सात मिनिटं जास्त सोडलं.
मग दिवाळीला. मग नुसतंच.
सात मिनिटं म्हणजे वरच्या चार घरांचा दिवस.
मला कुणी निवडून दिलं नव्हतं,
म्हणून कुणी विचारलंही नाही.

एकीने विचारलं.
अनसूयाची सून हर्षदा, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते.
रोज येऊन चेंबरशेजारी उकिडवी बसायची,
मोबाइलचा उजेड, वही, पेन.
"मामा, आज अठराच फिरवलेत."
तुला काय कळतं ह्यातलं, मी खेकसलो.
"मोजता येतं," म्हणाली.

त्या वहीवरच ती उभी राहिली.
वरच्या बाया मला विचारत,
ही टिकेल का? हिला जमेल का?
मी काय सांगू.
सर टिकले, त्यांना जमलं नाही.
उतेकरांना जमलं, टिकलं काहीच नाही, पाइपसुद्धा.
एवढंच म्हणालो,
आता वही कुणाकडे, ते आधी ठरवा.
तिने ती आठवीतल्या तेजूकडे दिली
आणि एकशे तेरा मतांनी निवडून आली.

आज सोमवार. चार चाळीस.
तेजू उकिडवी बसली आहे, पेनाचं टोपण दातात.
चावी लावली.
सोळा. सतरा. अठरा.
खिशात फोन वाजतो.
कुणाचा ते कळतं, त्या नावाला मी वेगळी रिंगटोन लावली आहे,
निकालाच्या रात्री, हौसेनं.
इतक्या पहाटे नगरसेवकाचा फोन
एकोणीस वर्षांत एकाच कामासाठी आलाय.
किंवा वर पंप बंद पडला असेल.
किंवा तिला फक्त विचारायचं असेल, सुटलं का.

दोन्ही हात चावीवर आहेत.
तेजू माझ्याकडे बघते. अजून काही लिहीत नाही.
एकोणीस.
वीस.